पानाशेजारची वाईन

संध्याकाळचे सहा वाजत आले की व्युर्त्सबुर्गच्या जुन्या दगडी पुलावर माणसं जमू लागतात. पुलाच्या शहराकडच्या टोकाशी वाईन मिळते. काचेच्या पेल्याची अनामत भरायची, पेला भरून घ्यायचा आणि पुलावर येऊन कठड्याला टेकायचं. कचेरीतून सुटलेले लोक, विद्यापीठातली मुलं, बाजाराची पिशवी सांभाळणाऱ्या आजीबाई, पर्यटक असे सगळे तिथे शेजारी शेजारी उभे असतात. दोन्ही बाजूंना संतांचे दगडी पुतळे, खाली माइन नदी, पलीकडच्या टेकडीवर मारिएनबेर्गचा किल्ला आणि किल्ल्याच्या भिंतींपर्यंत चढत गेलेल्या द्राक्षाच्या वेली. पेला संपला की परत द्यायचा, अनामत घ्यायची आणि जेवायला जायचं. या रिवाजाला तिथे ‘ब्र्युकनशॉपन’ म्हणतात, म्हणजे पुलावरचा पेला.

त्या पेल्यांत बहुतेक वेळा पांढरी वाईन असते आणि पांढऱ्यातही हमखास मागितली जाते ती सिल्वानर. जर्मनी म्हटलं की आपल्याला आधी बीअर आठवते. वाईनशी थोडा परिचय असेल तर रीसलिंगचं नाव माहीत असतं, आणि जर्मन वाईन गोड असते असा एक समजही असतो. बव्हेरिया राज्याच्या उत्तरेकडे, माइन नदीच्या वळणावळणांच्या काठाने पसरलेल्या फ्रांकेन या वाईनप्रदेशाला हा समज कधीच लागू नव्हता. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ड्राय वाईन पीत आली आहेत. गोडवा नाही, भपका नाही, आणि जेवणाच्या टेबलावर मात्र तिच्याशिवाय चालत नाही.

या वाईनबद्दल मला एक गोष्ट पटवून द्यायची आहे. सिल्वानर नुसती चाखून कळत नाही, ती जेवताना कळते. वाईनचं मोल ठरवण्याच्या आजच्या बहुतेक पद्धती तिच्यावर अन्याय करतात. त्या पद्धती पेल्यात नाक घालून सुरू होतात, आणि सिल्वानर नाकाला फारसं काही सांगत नाही.

नाकाला कमी, जिभेला जास्त

उंच दांड्याच्या, मध्यम आकाराच्या पेल्यात दोन बोटं सिल्वानर ओतली की रंग दिसतो फिकट पिवळा, कडेला किंचित हिरवट झाक. पेला फिरवून वास घेतला तर पिकलेलं नाशपाती, सफरचंद, उन्हात वाळलेलं गवत, कधी ओली माती, जरा वयाने मोठ्या वाईनमध्ये अक्रोडाची साल. हे सगळं मंद असतं. मस्कट किंवा गेव्युर्त्सट्रामिनर या द्राक्षांत टर्पीन वर्गातली सुगंधी द्रव्यं भरपूर असतात, त्यामुळे त्यांची वाईन पेला हातात घेताच फुलांचा आणि फळांचा गंध पसरवते. सिल्वानरमध्ये ही द्रव्यं फार कमी. गंमत अशी की जनुकीय तपासणीतून सिल्वानरचे आईबाप सापडले आहेत: एक ‘ओस्टरराइशिश वाइस’ नावाची जुनी ऑस्ट्रियन जात आणि दुसरी ट्रामिनर. गेव्युर्त्सट्रामिनर हे या ट्रामिनरचंच सुगंधी रूप. त्या घराण्याचा सुगंध मात्र सिल्वानरकडे आला नाही.

तिचं खरं बळ तोंडात कळतं. एक लहान घोट घेऊन जिभेवर सगळीकडे फिरवावा, ओठ थोडे उघडून हवा आत ओढावी आणि मग गिळावा. पहिल्यांदा लक्ष द्यायचं ते आंबटपणाकडे. गिळल्यावर जिभेच्या कडांना किती लाळ सुटते, यावरून आम्लाचा अंदाज येतो. ड्राय रीसलिंगमध्ये लिटरमागे साधारण सात-आठ ग्रॅम आम्ल असतं आणि ते धारदार लागतं. सिल्वानरमध्ये ते बहुधा पाच-सहाच्या आसपास राहतं, आणि मऊ लागतं. दुसरं लक्ष द्यायचं ते स्पर्शाकडे. वाईन पाण्यासारखी सरकते की जिभेला थोडी धरून बसते? चांगली सिल्वानर भरीव लागते, किंचित खरखरीत सुद्धा. तिसरी गोष्ट शेवटची चव. गिळल्यावर मागे राहणारा हलका कडसरपणा आणि खारटपणाकडे झुकणारी एक जाणीव, हे सिल्वानरचं ओळखचिन्ह आहे. साध्या वाईनमध्ये ती क्षणभर टिकते, उत्तम उतारावरच्या वाईनमध्ये बराच वेळ.

तापमानाची काळजी घेतली नाही तर यातलं काही कळणार नाही. फ्रीजमध्ये चार-पाच अंशांवर ठेवलेली सिल्वानर सरळ काढून प्यायली तर गार आणि आंबट यापलीकडे काही हाती लागत नाही. साध्या बाटलीसाठी ८ ते १० अंश, नामांकित उताराच्या भरीव बाटलीसाठी ११-१२ अंश योग्य. म्हणजे फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं टेबलावर ठेवावी. पहिला घोट थंडच घेतला आणि जेवण होईपर्यंत पेला पुरवला तर ती हळूहळू कशी उघडते ते आपोआप कळतं. जेवणाचा वेग आणि या वाईनचा वेग जुळतो, तो असा.

पंचवीस वेलींपासून

तीस वर्षांचं युद्ध १६४८ मध्ये संपलं तेव्हा फ्रांकेनमधली गावंच्या गावं उजाड झाली होती, द्राक्षमळे ओस पडले होते. नव्याने लागवड करायची होती आणि हवामान तेव्हा आजच्यापेक्षा थंड होतं. वेळेवर पिकणारी, भरवशाने माल देणारी जात हवी होती. कास्टेल या छोट्या संस्थानाच्या दप्तरात नोंद आहे की ६ एप्रिल १६५९ रोजी तिथे ‘ऑस्ट्रियन’ जातीच्या पंचवीस वेली लावल्या गेल्या. या वेली जवळच्या ओबरआयझेनहाइम गावातून आणल्या होत्या. जर्मनीतली सिल्वानरची ही पहिली लेखी नोंद. कास्टेलचं राजघराणं आजही त्याच परिसरात वाईन करतं. पुढे १६६५ मध्ये एब्राख मठाचे मठाधिपती आल्बेरिख डेगेन यांनी व्युर्त्सबुर्गच्या प्रसिद्ध ‘श्टाइन’ उतारावर ही जात लावली आणि मठांच्या जमिनींवरून ती सगळीकडे पसरली.

श्टाइन म्हणजे रेल्वे स्टेशनच्या मागे, शहरावर उभा असलेला दक्षिणमुखी चढ. सुमारे ८५ हेक्टरची ही सलग बाग शहराच्या कोणत्याही उंच जागेवरून दिसते. इथली वाईन सिल्वानर येण्याआधीपासूनच नावाजलेली होती. १५४० हे युरोपातल्या भीषण दुष्काळाचं वर्ष. त्या वर्षीच्या श्टाइन वाईनची एक बाटली १९६१ मध्ये लंडनला उघडली गेली. ह्यू जॉन्सन या वाईनलेखकाने ती चाखली, आणि चारशेहून अधिक वर्षांनंतरही ती काही क्षण जिवंत होती असं नोंदवून ठेवलं. गटेही व्युर्त्सबुर्गच्या वाईनचा निस्सीम चाहता होता आणि वायमारला ती मागवत असे.

या बागांची मालकी पाहिली की फ्रांकेनच्या वाईनमागचं एक वेगळं अर्थकारण कळतं. व्युर्त्सबुर्गमधला योहानेस फॉन श्टेरेन हा नागरिक चौदाव्या शतकाच्या आरंभी वृद्धांसाठी आणि गरजूंसाठी एक आश्रयस्थान उभारतो आणि त्याच्या खर्चासाठी द्राक्षमळे देतो. तेच आजचं ब्युर्गरश्पिटाल. राजबिशप युलियुस एख्टर १५७६ मध्ये रुग्णालय काढतो आणि त्यालाही जमिनी आणि मळे लावून देतो. ते युलियुसश्पिटाल. दोन्ही संस्था आज जर्मनीतल्या मोठ्या वाईन उत्पादकांत मोडतात. एकट्या युलियुसश्पिटालकडे १७० हेक्टरहून जास्त बागा आहेत आणि त्यांत सिल्वानरचा वाटा सर्वांत मोठा. वाईनच्या उत्पन्नातून रुग्णसेवा आणि वृद्धसेवेला हातभार लावण्याची ही व्यवस्था युद्धं, राज्यपालट आणि १६ मार्च १९४५ च्या विध्वंसक बॉम्बहल्ल्यातूनही टिकली. त्या रात्री जुनं शहर जवळजवळ सगळं जळालं. तळघरांतली मोठमोठी लाकडी पिंपं मात्र आज पुन्हा ओळीने भरलेली दिसतात.

बाटलीही इथली वेगळी. चपटी, गोल पोटाची, खांद्यावर बेतशीर मान असलेली. तिचं नाव बॉक्सबॉयटेल. श्टाइनच्या नावाखाली भलतीच वाईन विकली जाऊ लागली तेव्हा, १७२० च्या दशकात, अस्सल माल ओळखता यावा म्हणून या बाटलीत भरून तो मोहोरबंद करण्याची पद्धत शहराने रूढ केली. आज युरोपीय कायद्याने या आकाराला संरक्षण आहे. फ्रांकेन, शेजारच्या बाडेनचा थोडा भाग, आणि पोर्तुगाल, इटली, ग्रीस यांच्यातले काही परंपरागत अपवाद सोडले तर कोणालाही हा आकार वापरता येत नाही.

तीन खडकांची जमीन

फ्रांकेनमध्ये पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं की पायाखालचा खडक तीनदा बदलतो. पश्चिमेला लालसर वालुकाश्म, मध्ये शिंपल्यांची चुनखडी, पूर्वेला श्टायगरवाल्ड डोंगराच्या पायथ्याशी जिप्समयुक्त मातीचा कोयपर. हे तीन थर एकावर एक पाहूनच फ्रीडरिश फॉन आल्बर्टी या भूवैज्ञानिकाने १८३४ मध्ये त्या कालखंडाला ‘ट्रायास’ हे नाव दिलं, आणि शाळेच्या भूगोलात आपण शिकतो तो ट्रायासिक कालखंड तोच.

पश्चिमेकडचा वालुकाश्म लाल वाईनसाठी प्रसिद्ध. सिल्वानरची खरी घरं उरलेली दोन. व्युर्त्सबुर्ग, रँडर्सआकर, एशर्नडॉर्फ हा चुनखडीचा पट्टा. सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्यातल्या शिंपल्यांचे ठसे बागेतल्या दगडांवर आजही दिसतात. एशर्नडॉर्फचा ‘लुंप’ हा उतार माइनच्या वळणावर अर्धगोलाकार उभा आहे. ऊन त्यात कोंडतं आणि नदीचं पाणी ते परत फेकतं. तिथली सिल्वानर रुंद, घट्ट आणि पिकलेल्या फळाची. होर्स्ट झाउअर यांच्या घराण्याने हा उतार जगाच्या नकाशावर नेला.

पूर्वेला इप्होफेन. तटबंदी शाबूत असलेलं देखणं गाव, वर युलियुस-एख्टर-बेर्ग आणि क्रोन्सबेर्ग हे उतार. इथल्या कोयपरमध्ये जिप्सम इतकं की जगभर जिप्समचे बोर्ड विकणारी क्नाउफ कंपनी याच गावात आहे. इप्होफेनच्या सिल्वानरला चुनखडीवरच्या वाईनपेक्षा जास्त मसालेदार, हिरव्या पाल्याची झाक असते, अंगाने ती अधिक आटोपशीर. एकाच वर्षाची, एकाच प्रतीची एक लुंप आणि एक क्रोन्सबेर्ग शेजारी ठेवून चाखली तर सिल्वानर कंटाळवाणी असते हे म्हणणं कोणालाही पुन्हा करता येणार नाही.

दगडाची चव वाईनमध्ये उतरते, असं बागवाले प्रेमाने सांगतात. खडकातली खनिजं विरघळून चव बनून पेल्यात येतात असं मात्र नाही, त्यांचं प्रमाण त्यासाठी नगण्य असतं. खडक ठरवतो तो पाण्याचा निचरा, जमिनीचा उबारा, मुळं किती खोल जातील ते, आणि वेलीला किती ताण पडेल ते. त्यातून द्राक्षाचं आम्ल, साल आणि रस घडतात. सिल्वानरकडे स्वतःचा मोठा सुगंध नसल्यामुळे हे फरक झाकले जात नाहीत. एवढ्या बारकाईने जमीन दाखवणारी द्राक्षजात फार थोड्या ठिकाणी सापडते.

ड्राय म्हणजे किती ड्राय

द्राक्षरसातली साखर यीस्ट खातं आणि अल्कोहोल बनवतं. सगळी साखर संपू दिली की वाईन ड्राय होते. लेबलवर ‘ट्रोकन’ लिहिलं असेल तर कायद्याप्रमाणे लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर चालते. आम्ल पुरेसं असेल, म्हणजे साखर आम्लापेक्षा फार तर २ ग्रॅमने जास्त असेल, तर मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत जाते. रीसलिंगमध्ये ही सवलत उपयोगी पडते, कारण तिथे चार-सहा ग्रॅम साखर आम्लाची धार सांभाळते आणि गोड लागत नाही. फ्रांकेनची परंपरा याहून कडक. ‘फ्रांकेनचं ड्राय’ म्हणजे ४ ग्रॅमच्या आतच, अशी इथली जुनी रीत.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात सिल्वानर ही जर्मनीत सर्वाधिक लागवडीची जात होती. मग म्युलर-तुर्गाउ आणि लवकर साखर भरणाऱ्या नव्या संकरित जाती आल्या. १९७१ च्या वाईन कायद्याने दर्जा प्रामुख्याने द्राक्षरसातल्या साखरेवर मोजला. निर्यातीसाठी गोडसर लीबफ्राउमिल्श ट्रकांनी निघू लागली. जर्मन वाईन म्हणजे स्वस्त आणि गोड, ही जगातली प्रतिमा त्या दशकांची देणगी आहे. सिल्वानर मागे पडली. आज जर्मनीच्या एकूण बागांत तिचा वाटा ५ टक्क्यांहून कमी आहे. फ्रांकेनमध्ये मात्र जवळपास पाव क्षेत्र तिच्याकडे आहे. बाजार गोडाकडे धावत असताना इथल्या लोकांनी ड्राय सोडली नाही, याचं कारण मला त्यांच्या स्वयंपाकघरात दिसतं. रोज जेवणासोबत जी वाईन प्यायची ती गोड असून चालत नाही.

बाटली निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. ‘ट्रोकन’ हा शब्द. उताराचं नाव आहे का ते. गावाच्या नावाला ‘-अर’ जोडून पुढे उताराचं नाव येतं, जसं ‘इप्होफर क्रोन्सबेर्ग’. झाकणावर द्राक्षाचा घड पोटाशी धरलेला गरुड असेल तर उत्पादक व्हीडीपी या संघटनेचा सदस्य आहे. आणि ‘जीजी’ ही अक्षरं असतील तर ती त्या संघटनेच्या सर्वोच्च प्रतीच्या उतारावरची ड्राय वाईन. रोजच्या जेवणाला साधी बाटली उत्तम. जीजी दोन-चार वर्षं ठेवून, मोठ्या जेवणासाठी उघडावी.

श्पार्गेलचे दिवस

एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत, म्हणजे संत योहानच्या सणापर्यंत, जर्मनीत श्पार्गेलचं राज्य असतं. श्पार्गेल म्हणजे पांढरं ॲस्परॅगस. आपली औषधी शतावरी याच वंशातली. मातीचे उंच वरंबे करून त्यांच्या पोटात कोंब वाढवतात. ऊन लागत नाही म्हणून ते पांढरे राहतात. डोकं मातीतून वर येण्याआधी मजूर हाताने माती बाजूला करून, लांब सुरीने कोंब कापतात. किट्सिंगेन आणि फोल्काखच्या आसपासच्या वाळूमिश्रित जमिनीत हे पीक द्राक्षबागांच्या शेजारीच होतं. २४ जूननंतर काढणी थांबते, कारण पुढच्या वर्षीच्या कोंबांसाठी झाडाला पाला वाढवून मुळांत अन्न साठवायचं असतं.

कोंब सोलून मीठ, चिमूटभर साखर आणि लोणी घातलेल्या पाण्यात शिजवतात. सोबत उकडलेले नवे बटाटे, हॅमचे काप, आणि वर वितळलेलं लोणी किंवा अंड्याच्या बलकात लोणी फेटून केलेला हॉलंडेज सॉस. वाईनसाठी हे ताट अवघड आहे. ॲस्परॅगसमध्ये गंधकयुक्त द्रव्यं असतात. ती शिजताना मोकळी होतात आणि बऱ्याच वाईन्सना धातूची, कडवट चव आणतात. लाल वाईनमधलं टॅनिन इथे फसतं, लाकडी पिंपाचा जड वास असलेली शार्दने फसते, फार धारदार आम्लही कोंबाच्या नाजूक गोडव्याला मारतं.

सिल्वानर इथे चपखल बसते. तिचं आम्ल मवाळ आहे, टॅनिन नाही, लाकडाचा वास नाही. तिच्यातला गवताचा आणि मातीचा मंद वास कोंबाच्या वासाला जाऊन मिळतो. तिच्या शेवटी येणारा हलका कडसरपणा कोंबाच्या कडसरपणासारखाच असल्यामुळे दोघांचंही कडू वाटणं कमी होतं. नुसत्या लोण्यासोबत साधी, तरुण सिल्वानर घ्यावी. हॉलंडेज असेल तर चुनखडीवरची भरीव बाटली हवी, नाहीतर सॉस वाईनला गिळतो. हीच वाईन दुपारी नुसती चाखणाऱ्याला ‘साधी’ वाटली असेल. संध्याकाळी श्पार्गेलच्या ताटाशेजारी ती ताटातलं सगळं एकत्र बांधते, आणि तेव्हा तिच्यात काय होतं ते समोर येतं.

मीठ, चरबी, आंबट

फ्रांकेनच्या इतर पदार्थांसोबत सिल्वानर घेतली की वाईन आणि अन्न यांचे साधे नियम एकेक करून कळत जातात.

माइन नदीतले बोटभर मासे पिठात घोळवून, डोक्याकाट्यासकट कुरकुरीत तळतात. नाव ‘मेफिश्ली’. पुलावरच्या संत किलियानच्या करंगळीपेक्षा मासा मोठा नको, असा तिथला दंडक आहे. आपल्याकडे मांदेली तळून खातात तोच हा आनंद. इथे मीठ वाईनचं आम्ल आणि कडूपणा मवाळ करतं, आणि आम्ल तेलाचा थर जिभेवरून धुऊन काढतं. प्रत्येक मासा पहिल्यासारखा लागतो. लाल वाईन माशांसोबत अनेकदा वशट का लागते, याचं एक कारण तिच्यातल्या लोहात आहे. माशातल्या चरबीशी लोहाचा संयोग झाला की तो वास उठतो. पांढऱ्या वाईन्समध्ये लोह सहसा कमी असतं.

‘ब्लाउए त्सिप्फेल’ हा दुसरा पदार्थ: कच्चे सॉसेज भाजण्याऐवजी कांदा, गाजर, तमालपत्र, व्हिनेगर आणि थोडी वाईन घातलेल्या पातळ रश्शात शिजवायचे. आंबट पदार्थाचा नियम असा की अन्न वाईनपेक्षा जास्त आंबट झालं तर वाईन पोकळ लागते. म्हणून या रश्शासोबत जरा तरतरीत, अलीकडच्या वर्षाची सिल्वानर घ्यायची आणि व्हिनेगर जपून वापरायचं. रश्शात तीच वाईन घातली असेल तर दुवा आपोआप जुळतो.

कार्प मासा सप्टेंबर ते एप्रिल या महिन्यांत तळ्यांतून काढतात. तो चरबीदार आणि मातकट असतो. अर्धा चिरून, पिठात घोळवून तळतात, सोबत बटाट्याचं सॅलड. इथे कोयपरवरची पाल्याची झाक असलेली सिल्वानर हवी.

हे सगळं सर्वांत मोकळेपणाने चाखायला मिळतं ते ‘हेकनवर्टशाफ्ट’मध्ये. वाईन करणारं कुटुंब वर्षातले काही आठवडे आपल्याच घराच्या खोलीत किंवा अंगणात टेबलं मांडतं, दाराशी डहाळी किंवा पेंढी टांगतं, स्वतःची वाईन आणि साधं जेवण विकतं. कायद्याने अशा ठिकाणांना वर्षाकाठी चार महिने आणि चाळीस जागांची मर्यादा आहे. इथे वाईन पाव लिटरच्या मापाने येते, तिला शॉपन म्हणतात, आणि ती चाखण्यासाठी नव्हे तर जेवणासाठी मागितलेली असते. सिल्वानरचं विद्यापीठ म्हणावं तर हे.

मराठी पानाशी

फ्रांकेनमध्ये मराठी घरं आहेत. एर्लांगेनला सीमेन्स आहे. हेर्त्सोगेनाउराखला शेफ्लर आहे आणि तिची भारतातली कचेरी पुण्यात. बॉशचे कारखाने बाम्बेर्गलाही आहेत आणि नाशिकलाही. नाशिकहून जाणाऱ्याला वाईन नवी नसते, त्याला आपल्याकडची शनँ ब्लाँ ठाऊक असते. त्यामुळे आपल्या पानाशेजारी सिल्वानर कुठे शोभते, हा तिथल्या मराठी माणसाचा रोजच्या जगण्यातला प्रश्न आहे.

वर सांगितलेले नियम इथेही तसेच चालतात. कोथिंबीर वडी, सुरळीची वडी, रव्यात घोळवून तळलेलं पापलेट, ओल्या खोबऱ्यातल्या तिसऱ्या, ओल्या काजूची उसळ, बटाट्याची पिवळी भाजी हे सगळे सिल्वानरचे मित्र. यांत मीठ आहे, तेल किंवा खोबऱ्याची स्निग्धता आहे, कोथिंबिरीचा हिरवेपणा आहे, आणि तिखट बेताचं आहे. साधा वरणभात, वर तूप आणि लिंबाचे दोन थेंब, यांच्यासोबतही ती छान जमते. तुपाचा स्निग्धपणा तिच्या आम्लाने उजळतो आणि भाताचा गोडवा तिच्या कडसर शेवटाने तोलला जातो. फणसाच्या भाजीसोबत इप्होफेनची बाटली घ्यावी, तिच्यातली मसाल्याची झाक कामी येते.

नको तिथे ती नेऊ नये. तांबडा रस्सा, ठेचा, झणझणीत मिसळ यांच्यासोबत कोणतीही ड्राय वाईन अडचणीत येते, कारण तिखटाची जळजळ ज्या मज्जाग्राहींमुळे जाणवते तेच ग्राही अल्कोहोलने अधिक संवेदनशील होतात. साडेबारा-तेरा टक्के अल्कोहोल त्या आगीत तेल ओततं. तिथे कमी अल्कोहोलची, थोडी साखर राखलेली मोझेलची रीसलिंग बरी. गूळ घातलेली आमटी, पंचामृत, पुरणपोळी यांच्यापुढे ड्राय वाईन एकदम आंबट आणि रोडावलेली वाटते, कारण अन्नातली साखर जिभेचं माप बदलते. सोलकढी पानात असेल तर वाईन बाजूला ठेवावी. त्या जेवणाला त्याचं पेय आधीच मिळालेलं आहे.

उन्हाचा हिशेब

फ्रांकेनवर सध्या ऊन कडक आहे. इथे पाऊस मुळातच कमी. २०१८ आणि २०२२ च्या कोरड्या, तापलेल्या उन्हाळ्यांत उथळ मातीवरच्या वेली सुकल्या. त्याउलट एप्रिल २०२४ च्या शेवटी पडलेल्या थंडीच्या लाटेने नुकते फुटलेले कोंब जाळले. वसंत लवकर येतो, वेली लवकर फुटतात, आणि मग उशिराचं हिम त्यांना गाठतं.

सिल्वानरसाठी यातली सर्वांत चिंतेची बाब म्हणजे आम्ल. गरम वर्षांत द्राक्षातलं मॅलिक आम्ल झपाट्याने घटतं, साखर वाढते, आणि वाईन जड, सपाट होऊ लागते. आधीच मवाळ आम्ल असलेल्या जातीला हा तोटा परवडणारा नाही, कारण जेवणासोबतची तिची सगळी किमया त्याच आम्लावर उभी आहे. म्हणून बागवाले घडांवर जास्त पाला ठेवून सावली करतात, काढणी लवकर उरकतात, पहाटेच्या गारव्यात द्राक्षं तोडतात, खोल मुळांच्या जुन्या वेली जपतात. फाइट्सह्योखहाइमच्या सरकारी द्राक्ष संशोधन केंद्रात पाणी, माती आणि वाणांवर काम चालू आहे. तळघरातही बदल दिसतात. काही जण मोठ्या जुन्या लाकडी पिंपांकडे परतले, काहींनी काँक्रीटची अंड्याच्या आकाराची भांडी आणली, काही जण सालीसकट थोडा वेळ आंबवून वाईनला पकड देतात. या सगळ्यांचा उद्देश एकच आहे: वाईन ताजी राहावी आणि जेवणाला पुरून उरावी.

टेबलावर ठरावं

वाईनच्या स्पर्धांत परीक्षकांसमोर एका बैठकीत कितीतरी पेले मांडलेले असतात. वास घेतला, घोट फिरवला, थुंकला, आकडा लिहिला, पुढचा पेला. समोर अन्न नसतं. अशा रांगेत जिचा वास मोठा, जिची चव पहिल्या क्षणी ठसते, ती वर येते. सिल्वानर त्या रांगेत मागे पडते आणि मग दुकानात स्वस्त विकली जाते, बागवाल्याला कमी पैसे मिळतात, आणि उभ्या चढावरची कष्टाची बाग सोडून द्यावीशी वाटते. चव मोजण्याच्या पद्धतीचा परिणाम असा थेट जमिनीवर होतो.

अन्न नसताना वाईन कशी लागते, हा प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. युरोपातल्या बहुतेक जुन्या वाईन्स जेवणासोबत पिण्यासाठीच घडल्या. फ्रांकेनच्या माणसांनी साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ या द्राक्षाची निवड केली ती रोजच्या ताटाच्या कसोटीवर. ती कसोटी कोणत्याही पदकापेक्षा कठीण आहे, कारण ती रोज द्यावी लागते. जी वाईन तिच्यावर उतरते ती मोठीच वाईन, तिचा वास कितीही मंद असो.

म्हणून बाटली घेताना गुणांचे आकडे पाहण्याआधी त्या संध्याकाळी घरात काय शिजणार आहे ते पाहावं. पानात मासा आहे की भाजी, लोणी आहे की खोबरं, मीठ किती, तिखट किती, यांची उत्तरं आधी घ्यावीत आणि मग वाईनकडे वळावं. सिल्वानर निवडण्याची ही रीत आहे, आणि तिचं मोल ठरवण्याचीही हीच.